स्टिअरिंग जड झालं म्हणून लगेच पंप बदलू नका

ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगचा पंप दाब निर्माण करत नाही, तो फक्त तेल पुढे ढकलतो. चाकं वळायला विरोध करतात तेव्हा त्या तेलाचा दाब वाढतो. हे तेल ज्या सिलिंडरमध्ये जाऊन चाकं वळवतं, तो ५० मिमी व्यासाचा असेल तर त्यातल्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंटिमीटर असतं. १०० बार दाबाला तो जवळपास २ टन जोर लावतो. रॉडच्या बाजूला पिस्टनला जोडलेला २५ मिमीचा रॉड जागा अडवतो, म्हणून तिथे जोर दीड टनावर येतो. एकच सिलिंडर असलेल्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग दोन्ही बाजूंना सारखं लागत नाही, ते यामुळेच. तो बिघाड नव्हे.

जड स्टिअरिंगची तपासणी तेलापासून नाही, लोखंडापासून सुरू करा. मागच्या चाकांना दगडाची किंवा ठोकळ्याची उटी लावा, पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून खाली मजबूत ठोकळे ठेवा. इंजिन बंद करून सिलिंडरचा रॉड सोडवा आणि चाकं हातानं वळवून पाहा. ती अडकत असतील तर दोष कोरड्या किंगपिनचा (ज्या खिळीभोवती चाक वळतं तिचा) किंवा बेअरिंगचा आहे. नवा पंपही तिथे हरेल. पुढच्या टायरमधली हवा बघायलाही विसरू नका.

चाकं मोकळी फिरली, तर आता तेलाकडे वळा. टाकीत फेस आणि पंपाचा किर्रर्र आवाज, म्हणजे हवा आत जातेय. ती बहुधा टाकी ते पंप या ओढीच्या पाइपातून शिरते. तिथे दाब वातावरणापेक्षा कमी असल्यानं सैल क्लॅम्पमधून तेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. गळतीचा डाग नाही म्हणून हा जोड अनेकदा तपासायचाच राहून जातो.

दाब मोजायला पंपाच्या दाबाच्या लाइनीत टी (तीन तोंडांचा जोड) जोडून ० ते २५० बारचा गेज लावा. तेल गरम झाल्यावर स्टिअरिंग टोकाला नेऊन चार-पाच सेकंदच धरा. जास्त धरलं तर सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब मर्यादेबाहेर गेला की तेल परत सोडणारी झडप) जातं आणि झपाट्यानं तापतं. आकडा मॅन्युअलशी ताडून पाहा. इंजिनचा वेग वाढवल्यावर दाब बराच चढत असेल, तर पंपाचे गिअर झिजलेत: कमी वेगात तेल आतल्या आत मागे निसटतं. वेग कितीही वाढवला तरी दाब एकाच कमी आकड्यावर अडकला, तर संशय रिलीफ व्हॉल्व्हवर घ्या. बहुतेक वेळा तिथे कचरा बसलेला असतो. साफ करा, पण स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढवू नका, होज (रबरी पाइप) फुटेल.

थंड असताना ठीक आणि तासाभरात जड, हा झिजेचा खास नमुना आहे. तापलेलं तेल पातळ होऊन बारीक फटींतून सहज पळतं. पिस्टनचं सील तपासायला स्टिअरिंग टोकाला नेऊन इंजिन बंद करा, परतीचा होज सिलिंडरपासून सोडून त्याचं तोंड घट्ट बंद करा. मग इंजिन सुरू करून स्टिअरिंग त्याच टोकाकडे क्षणभर दाबा. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून तेलाची धार आली, तर सील गेलं. तोंडाखाली भांडं ठेवा आणि समोर उभे राहू नका. सील चांगलं असूनही स्टिअरिंग टोकाला हळूहळू सरकत राहिलं, तर स्टिअरिंग युनिट (स्टिअरिंग फिरवल्यावर तेल सिलिंडरकडे वळवणारा भाग) आतून झिजलंय.

दाबाखालच्या पाइपातली बारीक गळती हातानं कधीही शोधू नका, पुठ्ठा फिरवा. सुईएवढी धार कातडीत तेल घुसवते. जखम क्षुल्लक दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा.

काम झाल्यावर मॅन्युअलमधलंच तेल भरा. चाकं उचललेलीच ठेवून इंजिन मंद वेगात चालवा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा सावकाश फिरवा, टोकाला न थांबता. फेस बसेपर्यंत वाट पाहा आणि पातळी पुन्हा भरा.