रिपोर्टमध्ये ‘स्यूडो’ लिहिलंय म्हणून निवांत बसू नका

सीटीच्या रिपोर्टवर ‘स्प्लेनिक आर्टरी स्यूडोअ‍ॅन्युरिझम’ (प्लीहेच्या धमनीला आलेला एक प्रकारचा फुगवटा) असं लिहून येतं आणि घरचे विचारतात, डॉक्टर, स्यूडो म्हणजे खोटा ना, मग खरं तर काही नाहीये ना? हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की एकदा नीट लिहूनच काढतो, कारण खरा आणि खोटा अशा या दोन फुगवट्यांत जो ‘खोटा’ आहे तोच जास्त घातक आहे.

आधी जागा समजून घ्या. पोटातल्या महाधमनीतून लिव्हर, प्लीहा, जठर, आतडी यांना रक्त नेणाऱ्या फांद्या फुटतात, त्या व्हिसरल आर्टरीज. त्यांना फुगवटा येणं मुळातच दुर्मिळ, आणि आलाच तर साधारण ६० टक्के वेळा प्लीहेच्या धमनीला, त्याखालोखाल लिव्हरच्या.

खरा म्हणजे ट्रू अ‍ॅन्युरिझम असतो तेव्हा धमनीच्या भिंतीचे तिन्ही थर जागेवर असतात, फक्त कमजोर होऊन बाहेर आलेले, सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो ना तसं. प्लीहेच्या धमनीचा हा प्रकार बायकांमध्ये पुरुषांच्या चौपट दिसतो, जास्त बाळंतपणं झालेल्यांमध्ये आणि पोर्टल हायपरटेन्शन (लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतलं वाढलेलं प्रेशर) असलेल्यांमध्ये विशेष. बहुतेकांना काहीच त्रास नसतो, भलत्याच कारणासाठी सीटी काढला आणि हे सापडलं असंच होतं.

स्यूडोमध्ये भिंत फाटलेली असते. जमिनीखालचा पाइप फुटला आणि भोवतीच्या मातीनं पाणी कसंबसं धरून ठेवलं, तसं बाहेर आलेलं रक्त आजूबाजूच्या टिश्यूनं आणि गुठळीनं अडवलेलं असतं, आणि आत धमनीचं प्रेशर चालूच. कारण बहुतेक वेळा पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज), प्लीहेची धमनी स्वादुपिंडाला चिकटूनच जाते त्यामुळे तिथून गळलेले पाचकरस तिची भिंत अक्षरशः पचवतात. बाकी अपघाताचा मार, ऑपरेशन, लिव्हरमध्ये घातलेली सुई किंवा नळी. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना २ जुलै १८८१ ला गोळी लागली आणि ते गेले १९ सप्टेंबरला, शवविच्छेदनात प्लीहेच्या धमनीला जखमेतून झालेला असाच फुगवटा फुटून पोटात रक्तस्राव झालेला दिसला (जखमेतलं इन्फेक्शन होतंच म्हणा). म्हणजे मधले अडीच महिने गेले तरी धोका टळलेला नसतो.

निदानात माझ्या मते पेशंटची हिस्टरी फोटोइतकीच महत्त्वाची. सोनोग्राफीवर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय) लावला की दोन्हींत रक्त गोल फिरताना दिसतं, त्यावरून फरक कळत नाही. सीटी अँजिओवर (डाय देऊन काढलेला रक्तवाहिन्यांचा सीटी) खरा बहुतेक गुळगुळीत, गोलसर, कडेला कॅल्शियमची रेघ असलेला, आणि प्लीहेच्या जवळच्या टोकाला असतो, स्यूडो वेडावाकडा, भोवती साकळलेलं रक्त किंवा स्वादुपिंडाची सूज आणि सिस्ट (पाणी साठलेली पिशवी). पॅन्क्रियाटायटिसच्या पेशंटचं पोट अचानक जास्त दुखायला लागलं, हिमोग्लोबिन खाली आलं, संडास डांबरासारखी काळी झाली आणि एन्डोस्कोपीत जठरात काहीच सापडलं नाही, तर थांबू नका, लगेच सीटी अँजिओ करा, कारण रक्त स्वादुपिंडाच्या नळीतून थांबून थांबून आतड्यात उतरत असू शकतं आणि एन्डोस्कोपीच्या वेळी नेमकं थांबलेलं असतं. आणि स्वादुपिंडाच्या अशा सिस्टच्या पिशवीत नळी घालायच्या आधी त्यात धमनी फुगलेली नाही ना हे बघून घेणं, यात मी तरी कधी तडजोड करणार नाही.

उपचारात सगळ्यात मोठा फरक साइजचा. प्लीहेचा खरा अ‍ॅन्युरिझम ३ सेंमीपेक्षा लहान असेल, त्रास नसेल, तर दरवर्षी स्कॅन करून लक्ष ठेवता येतं. स्यूडोला असला आकडाच नाही, १ सेंमीचा असला तरी बंद करायचा. पण खऱ्यातही एक अपवाद पक्का लक्षात ठेवा, मूल होण्याच्या वयातली बाई असेल तर लहान असला तरी उपचार करायचा, कारण गरोदरपणात तो फुटला तर आई वाचणं अवघड आणि बाळ वाचणं त्याहून अवघड. फुटताना कधी कधी रक्त आधी जठरामागच्या पोकळीत अडतं, बीपी थोडं सावरतं, सगळ्यांना वाटतं बरं आहे, आणि मग काही वेळानं ते पोटभर पसरतं, त्या मधल्या वेळात कोणाच्या तरी डोक्यात ही शंका यायला हवी.

बंद करण्यासाठी आता बहुतेकदा पोट उघडावं लागत नाही, मांडीच्या किंवा हाताच्या धमनीतून बारीक कॅथेटर (नळी) नेऊन कॉइल, म्हणजे धातूच्या बारीक स्प्रिंगा, सोडतात. खऱ्याच्या पिशवीत कॉइल भरता येतात, तिला भिंत आहे. स्यूडोच्या पिशवीत भरत बसलं तर ती फुटू शकते, म्हणून धमनी फुगवट्याच्या पलीकडून आणि अलीकडून दोन्हीकडून बंद करतात, एकच बाजू केली तर रक्त मागच्या दारानं परत येतं. प्लीहेला जठराकडून येणाऱ्या छोट्या धमन्यांचं रक्त मिळत राहतं म्हणून हे चालतं, चार दिवस ताप आणि डाव्या बरगडीखाली दुखणं होऊ शकतं. आतड्याच्या मुख्य धमनीला मात्र असं बंद करून चालत नाही, तिथे कव्हर्ड स्टेंट (आवरण असलेली जाळीची नळी) किंवा ऑपरेशन लागतं. आणि प्लीहा काढावीच लागली तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी घेतल्याशिवाय राहू नका, हे डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं नसेल तर स्वतः विचारा.