बायपास छातीची, चिरा पायावर

बायपास करून माणूस नाशिक-मुंबईहून खानदेशात परतला की भेटायला येणारे छातीचं विचारतात. तो मात्र पायजमा वर सारतो. "छाती बरी शे, पायच दुखस." घोट्यापासून मांडीपर्यंत टाक्यांची रेघ, घोट्यावर सूज, पोटरीच्या आतल्या बाजूला बधिरपणा. बायपासला पायातली शीर काढून हृदयाच्या धमनीला जोडतात. त्या शिरेला लागूनच संवेदनेचा मज्जातंतू जातो. शीर सोडवताना तो दुखावतो. त्यात साखर असली की जखम चिघळते, आणि रावेर-यावलच्या केळीत पाणी भरायला उतरणं लांबतं.

या चिऱ्यामागे मोठा इतिहास आहे. रक्तवाहिन्या एकमेकींना शिवण्याचं तंत्र अलेक्सिस कॅरेल यांनी बसवलं, त्याचं नोबेल त्यांना १९१२ मध्ये मिळालं. हृदयापर्यंत पोचायला मात्र पुढे पन्नासेक वर्षं लागली. क्लीव्हलँडमध्ये १९६७ च्या मे महिन्यात रेने फावालोरो यांनी पायाची शीर हृदयाच्या धमनीला जोडली. त्याआधी ह्यूस्टनमध्ये १९६४ साली असा जोड झाला होता, पण तो जाहीर झाला १९७३ मध्ये. फावालोरो मूळचे अर्जेंटिनातल्या एका खेड्यात बारा वर्षं डॉक्टरकी केलेले. मला या सगळ्या कथेत तेच जवळचे वाटतात.

पायाचीच शीर का? ती लांब, कातडीखाली सहज सापडणारी, आणि ती काढली तरी आतल्या खोल शिरा रक्त वाहून नेतात. आत झडपा असल्यामुळे ती उलटी करून जोडतात. १९८६ मध्ये छातीतली धमनी जास्त टिकते हे दिसलं, तेव्हापासून हृदयाच्या मुख्य वाहिनीला ती आणि बाकीच्यांना बहुधा पायाची शीर, असा रिवाज पडला. थिएटरात छाती वरिष्ठांची, पाय शिकाऊ डॉक्टरचा. पायाकडे दुर्लक्ष झालं ते इथूनच, असं माझं मत.

भारतात पहिली बायपास १९७५ मध्ये मद्रासच्या पेरांबूर रेल्वे हॉस्पिटलात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. आपल्याकडे २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. मोठा खर्च सरकारने उचलल्यावर बायपास कोरडवाहू शेतकऱ्याच्याही आवाक्यात आली.

नव्वदच्या दशकात दुर्बीण आली. गुडघ्याजवळ दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, आत कार्बन डायऑक्साइड भरून केलेली पोकळी, पडद्यावर बघत शिरेच्या फांद्या जाळून शीर मोकळी करायची. पाय वाचला, पण २००९ मध्ये धक्का बसला: सुमारे तीन हजार रुग्णांच्या नोंदींत, दुर्बिणीने शीर काढलेल्यांपैकी ४६.७ टक्के रुग्णांची जोडलेली शीर वर्ष-दीड वर्षात निकामी, उघड्या चिऱ्याच्या ३८ टक्के रुग्णांची. मात्र कुणाला कोणती पद्धत, हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं. तशी चाचणी २०१९ मध्ये आली: अमेरिकेतली १६ रुग्णालयं, ११५० रुग्ण, जवळजवळ तीन वर्षं. मृत्यू, झटका, पुन्हा शस्त्रक्रिया यांत लक्षणीय फरक नाही. पायाच्या जखमेत जंतुसंसर्ग दुर्बिणीने १.४, उघड्या चिऱ्याने ३.१ टक्के.

दुर्बिणीचा संच महाग, बहुतेकदा एकदाच वापरायचा. म्हणून लांब चिरा आपल्याकडे अजून नेहमीचाच. त्यात स्वीडनच्या डॉक्टरांनी दुसरंच टोक धरलं: शीर भोवतालच्या चरबीसकट, न ताणता काढली तर ती जास्त काळ उघडी राहते, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी पाय पुन्हा उघडाच लागतो आणि जखमेचा त्रासही वाढतो.