डीआरएल लागला म्हणजे हेडलाइट लागला असं नाही

पावसाळ्यात भर दुपारी अंधारून आलं की मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर एक गोष्ट हमखास दिसते. आरशात पाहावं तर मागून येणाऱ्या गाड्यांचे पांढरे दिवे झगझगीत, आणि पुढे पाहावं तर तशाच गाड्यांची मागची बाजू पार काळोखी. आपल्या गाडीचे दिवे चालू आहेत, असं यातल्या अनेक चालकांना मनापासून वाटत असतं. प्रत्यक्षात चालू असतो तो फक्त डीआरएल, म्हणजे इंजिन सुरू केल्यावर दिवसा आपोआप लागणारा दिवा. हेडलाइटचा लो बीम, ज्याला आपण डिपर म्हणतो, तो बंदच असतो.

डीआरएल रस्ता दाखवण्यासाठी नसतोच. तुमची गाडी समोरच्याला लवकर दिसावी, एवढंच त्याचं काम. दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर डोकावणारा चालक, झाडांच्या सावलीत मिसळून गेलेली करडी गाडी, रस्ता ओलांडताना डोळ्यांच्या कडेने अंदाज घेणारा माणूस, यांच्यासाठी तो असतो. म्हणून त्याचा प्रकाश थेट समोर पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे जातो. युरोपात आणि इतर अनेक देशांत चालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार त्याची तीव्रता समोरून 400 ते 1200 कँडेला असावी लागते. पार्किंग लाइटला हीच किमान मर्यादा अवघी 4 कँडेला आहे. त्यामुळे दिवसा पार्किंग लाइट लावून ‘मी दिसतोय’ असं समजण्यात काही अर्थ नाही.

लो बीम मात्र खाली, रस्त्याकडे वळवलेला असतो. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून वरच्या बाजूला तो मुद्दाम कापलेला असतो. अंधारात खड्डा, दगड, कडेने चालणारा माणूस दिसतो तो या प्रकाशात.

दिवसा दिवे लावण्याची कल्पना उत्तर युरोपातली. तिथे हिवाळ्यात सूर्य दिवसभर क्षितिजालगत रेंगाळतो. स्वीडनने 1977 मध्ये दिवसाही दिवे सक्तीचे केले. कॅनडात डिसेंबर 1989 पासून बनलेल्या नव्या गाड्यांना डीआरएल आवश्यक झाला, युरोपीय संघात फेब्रुवारी 2011 पासून कारच्या नव्या मॉडेलना. मग दिवसभर लो बीमच का नाही ठेवायचा? हॅलोजनचे दोन बल्ब प्रत्येकी 55 वॅट खातात, शिवाय मागचे दिवे आणि नंबर प्लेटचा दिवा आलाच. एलईडी डीआरएलची जोडी त्याच्या छोट्याशा हिश्श्यात भागवते, म्हणजे इंधनही वाचतं.

आता खरा धोका. लो बीम लावला की टेललाइट लागतातच. डीआरएलसोबत बहुतेक गाड्यांत ते लागत नाहीत. लख्ख उन्हात त्याने बिघडत नाही, उलट ब्रेकलाइट जास्त उठून दिसतो. पण बोगद्यात, धुक्यात, मुसळधार पावसात मागून येणाऱ्याला तुमची गाडी दिसते ती अगदी जवळ आल्यावर. पूर्वी दिवे लावल्याशिवाय डॅशबोर्ड उजळत नसे. संध्याकाळी स्पीडोमीटर दिसेनासा झाला की हात आपसूक स्विचकडे जाई. आता डिजिटल डॅशबोर्ड कायम झळाळतो, समोर डीआरएलचा थोडा उजेडही पडलेला असतो, आणि शहरातल्या पथदिव्यांखाली तेवढं पुरेसं वाटतं. चालकाला आठवण करून देणारं काहीच उरत नाही.

कॅनडाने यावर नेमका उपाय केला, आणि तो मला फार पटतो. सप्टेंबर 2021 पासून तिथल्या नव्या गाड्यांत तीनपैकी एक सोय हवी: डीआरएलसोबत टेललाइटही लागावेत, किंवा उजेड कमी होताच सगळे दिवे आपोआप लागावेत, किंवा दिवे लावेपर्यंत डॅशबोर्ड अंधारा राहावा. तिसरा पर्याय सगळ्यात स्वस्त, आणि मुळात जुन्या गाड्यांतलाच.

स्विच ‘ऑटो’वर ठेवला तरी सगळं भागत नाही. सेन्सर उजेड मोजतो, धुकं मोजत नाही. आंबोलीच्या घाटात सकाळी नऊला पांढरंशुभ्र धुकं असतं, उजेड भरपूर असतो. अशा वेळी सेन्सरच्या लेखी दिवसच असू शकतो. तिथे लो बीम हातानेच लावावा लागतो.

आपल्याकडे गोंधळात भर पडते ती दुचाकींमुळे. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनसोबत आपोआप लागतो आणि बंद करायला स्विच नसतो. त्याची सवय झालेला माणूस कारमध्ये बसला की तिथेही सगळं आपोआप होत असेल असं धरून चालतो.

आपल्या गाडीत काय होतं ते पार्किंगमध्ये दोन मिनिटांत कळतं. इंजिन सुरू करा, दिव्यांचा स्विच बंदवर ठेवा आणि उतरून मागे जाऊन पाहा. मग लो बीम लावून पुन्हा पाहा, आणि डॅशबोर्डवर त्या वेळी कुठलं हिरवं चिन्ह उमटतं ते लक्षात ठेवा. बोगद्यात शिरताना नजर त्या चिन्हावर जायला हवी.