बालवाडीतले खेळसाहित्य: फ्रोबेलच्या चेंडूंपासून बोर्डीच्या शिंपल्यांपर्यंत

मुलाच्या हातात काय द्यायचे आणि कोणत्या क्रमाने, याची पक्की मांडणी आधी जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने केली. १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्गला त्याने काम सुरू केले. पहिल्या संचात सहा रंगांचे लोकरी चेंडू, दुसऱ्यात लाकडी गोल, घन आणि दंडगोल, तर तिसऱ्यात आठ छोट्या घनांत सुटणारा मोठा घन. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याने १८५१ मध्ये त्याच्या पद्धतीच्या बालशाळांवर बंदीच घातली. ती १८६० मध्ये उठली, पण फ्रोबेल त्याआधीच वारला होता.

मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. चूक बाईंनी नाही, साहित्यानेच दाखवावी, हा त्यांचा आग्रह. दट्टापेटीत, म्हणजे खाचांत बसवायच्या लाकडी दंडगोलांच्या ठोकळ्यात, एक दट्ट्या चुकीच्या खाचेत बसला, तर शेवटी एक हातात उरतोच. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत एकेक सेंटिमीटरने वाढतात. सुताराने हा फरक काटेकोर ठेवला नाही, तर बाई मध्ये पडतात आणि खेळाची परीक्षा होते.

आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. १९४५ मध्ये ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या, पुढे जवळच्या कोसबाडला. महागडे लाकडी संच तिथे परवडणार नव्हते; शिंपले, खडे, पाने, बिया आल्या. मुले वर्गात येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यांच्या अंगणात गेली. देशभरच्या अंगणवाड्या १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या.

स्थानिक वस्तू वापरायची ही पद्धत सगळीकडे पसरली, पण तिच्यातला काटेकोरपणा वाटेत गळाला. चिंचोक्यांचेच पाहा. मोजणी शिकवायच्या मूळ माँटेसरी पेटीत शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि बरोबर ४५ चात्या, म्हणजे लाकडी काड्या, असतात. त्याजागी दहा वाट्या आणि ४५ चिंचोके चालतात. शून्याची वाटी रिकामी राहते आणि नऊच्या वाटीत एक कमी पडला की मूल आपणहून मागे जाऊन मोजते. पसाभर चिंचोके ओतून दिले, तर सातच्या वाटीत आठ पडले तरी कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून खेळ मांडण्याआधी बाईंनी चिंचोके मोजायचे. एक जरी चटईखाली गेला असेल, तर बरोबर मोजणाऱ्या मुलालाही आपलेच चुकले असे वाटते.

एक उणीव मात्र राहते. नऊ चात्या मुठीत धरताना मूठ भरते, संख्या हाताला जाणवते. चिंचोक्यांत ते होत नाही. त्यावर उपाय म्हणजे सारख्या लांबीच्या बांबूच्या काड्या, टोके घासून गुळगुळीत केलेल्या. तीन वर्षांखालच्या मुलांना बिया देऊच नयेत, नाकातोंडात जातात. गुंजा दिसायला कितीही देखण्या असल्या तरी विषारी, त्या वर्गात नकोतच.