न्यायिक वृत्ती : दिवाणी निकालांवरून मूल्यमापन

न्यायदान करताना न्यायाधीशाच्या ठायी दिसणारा संयम, सौजन्य, मनाचा खुलेपणा आणि निर्णयक्षमता यांना एकत्रितपणे न्यायिक वृत्ती म्हणतात. कायद्याच्या ज्ञानाहून ती वेगळी मानली जाते. अमेरिकेत फेडरल न्यायाधीशपदाच्या उमेदवारांची १९५३ पासून छाननी करणारी अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेची समिती सचोटी व व्यावसायिक क्षमता यांच्या जोडीला ही तिसरी कसोटी लावते.

या कल्पनेचा उगम बहुधा सॉक्रेटीसपर्यंत नेला जातो. सौजन्याने ऐकावे, शहाणपणाने उत्तर द्यावे, शांतपणे विचार करावा व निःपक्षपातीपणे निर्णय द्यावा, हे वचन त्याच्या नावावर आहे. मात्र त्याचे शिष्य प्लेटो वा झेनोफन यांच्या लेखनात ते आढळत नसल्याने ते उत्तरकालीन असण्याचा संभव अधिक. इंग्रज तत्त्वज्ञ व कायदेपंडित फ्रान्सिस बेकनच्या न्यायदानविषयक निबंधाचा (१६१२) आधार त्यामानाने भक्कम आहे. धीराने ऐकून घेणे हा न्यायाचाच भाग असून अतिबोलका न्यायाधीश म्हणजे बेसूर झांज, असे तो म्हणतो.

इंग्लंडमधील जोन्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड (१९५७) या खटल्यात अपील न्यायालयाचे न्यायाधीश डेनिंग यांनी बेकनचे हेच वचन उद्धृत केले. खाणीचे छत कोसळून मृत्यू पावलेल्या कामगाराच्या विधवेचा हा भरपाईचा दावा होता. मूळ सुनावणी घेणाऱ्या न्यायाधीशांनी साक्षीपुराव्यात वारंवार हस्तक्षेप केल्यामुळे अपील न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला. त्यांचा हेतू चांगला होता, हेही मान्य केले. दोष दिसला तो साक्षीच्या प्रतिवृत्तात, म्हणजे शब्दशः नोंदीत. केवळ निकालपत्र वाचणाऱ्याला तो जाणवेलच असे नाही.

म्हणून न्यायाधीशाची वृत्ती जोखताना अंतिम निकाल कोणाच्या बाजूने लागला, यापेक्षा स्वेच्छाधिकाराखालील किरकोळ आदेश पाहावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तहकुबी, विलंबमाफी, गैरहजर पक्षाविरुद्धचा एकतर्फी हुकूमनामा रद्द करणे, खर्चाची आकारणी आणि अंतरिम मनाई हुकूम यांत नियम न्यायाधीशाला मोकळीक देतो, आणि तिथेच स्वभाव उमटतो. हरलेल्या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा निकालपत्रात नीट मांडला आहे का, वकील न देता स्वतः उभ्या राहिलेल्या पक्षकाराच्या चुकांना काय उत्तर मिळाले, हेही पाहतात. एखाद्या तिखट शेऱ्यावरून निष्कर्ष काढू नये. तोच सूर अनेक वर्षांच्या आदेशांत, दोन्ही बाजूंच्या पक्षकारांबाबत आढळतो का, हे तपासावे लागते.

अपिलात निकाल फिरण्याचे प्रमाण हे वृत्तीचे माप नव्हे. त्यातून बहुधा कायद्याच्या आकलनातील उणीव कळते. शिवाय बरेच दिवाणी दावे तडजोडीने मिटतात, त्यांत सकारण निकालपत्र तयारच होत नाही.