विश्वासाची प्रार्थना

देव ऐकतो या भरवशाने केलेली, आणि उत्तर कसे व केव्हा द्यायचे हे त्याच्यावरच सोपवणारी मागणी, म्हणजे ख्रिस्ती धर्मातील विश्वासाची प्रार्थना. हा शब्दप्रयोग नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात येतो. मंडळीत (ख्रिस्ती उपासकांच्या समूहात) कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना त्याला वाचवील, असे तिथे म्हटले आहे. स्तुती, उपकारस्मरण, पापांची कबुली हे प्रार्थनेचे इतर प्रकार आहेत. पण ‘प्रार्थनेत सामर्थ्य आहे’ असे मराठी ख्रिस्ती घरांत म्हटले जाते तेव्हा बहुधा ही मागणीची प्रार्थनाच अभिप्रेत असते. हे सामर्थ्य मागणाऱ्याच्या निश्चयाचे की ऐकणाऱ्या देवाचे, हा या संकल्पनेतला जुना प्रश्न. बहुतेक मंडळ्यांची शिकवण दुसऱ्या बाजूची आहे. लोकव्यवहारात मात्र पहिली बाजू सतत डोके वर काढते.

बायबलमधील आधार

येशूच्या तोंडची काही वचने बिनशर्त वाटावीत अशी आहेत. ‘मागा म्हणजे तुम्हाला दिले जाईल’ हे त्यांपैकी सर्वांत परिचित (मत्तय ७:७). मोहरीच्या दाण्याएवढा विश्वासही डोंगर हलवायला पुरेसा आहे, असे त्याच शुभवर्तमानात पुढे येते (१७:२०). लूकच्या शुभवर्तमानात चिकाटीचे दोन दृष्टांत आहेत: मध्यरात्री मित्राचे दार ठोठावून तीन भाकरी मागणारा माणूस, आणि बेपर्वा न्यायाधीश कंटाळून निकाल देईपर्यंत त्याच्याकडे हेलपाटे घालणारी विधवा. विधवेच्या दृष्टांताचा अर्थ बरेचदा उलटा लावला जातो. देव त्या न्यायाधीशासारखा आहे असे लूकला म्हणायचे नाही. असा माणूससुद्धा शेवटी ऐकतो, तर देव किती लवकर ऐकेल, असा त्याचा युक्तिवाद आहे.

याच ग्रंथात दुसरी बाजूही तितक्याच ठळकपणे आहे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू मागतो की हा प्याला (समोर ठाकलेले दुःख) माझ्यापासून दूर कर, आणि त्याच वाक्यात म्हणतो, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे (मार्क १४:३६). प्याला दूर होत नाही. पौल आपल्या शरीरातला ‘काटा’ निघावा म्हणून तीनदा विनंती करतो. काटा निघत नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढे उत्तर मिळते (२ करिंथ १२:९). योहानाच्या पहिल्या पत्रात तर अटच घातली आहे: त्याच्या इच्छेप्रमाणे काही मागितले तर तो ऐकतो (५:१४).

विश्वास किती असावा, या प्रश्नावर दोन प्रसंग बोलके आहेत. आजारी मुलाला घेऊन आलेला बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका (मार्क ९:२४). अर्ध्यामुर्ध्या विश्वासाच्या या कबुलीनंतरही मुलगा बरा होतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात पेत्र तुरुंगात असताना मंडळी एका घरात जमून त्याच्यासाठी प्रार्थना करत असते. तो सुटून दारात येतो, दाराशी गेलेली मुलगी धावत जाऊन ते सांगते, आणि आतली प्रार्थना करणारी माणसे तिलाच वेडी ठरवतात. मागणाऱ्यांचा आपल्याच मागणीवर फारसा भरवसा नव्हता, हे या पुस्तकाचाही लेखक मानल्या जाणाऱ्या लूकने न लपवता लिहिले आहे. मोठ्या विश्वासालाच मोठे उत्तर मिळते, या समजाला याहून मिस्कील उत्तर शोधूनही सापडणार नाही.

धर्मशास्त्रीय विचार

देवाला सर्व आधीच ठाऊक असेल तर मागायचे कशाला, हा प्रश्न पहिल्या शतकांपासूनचा आहे. प्राचीन चर्चचा धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनने इ. स. ४१२च्या सुमारास प्रोबा या विधवेला लिहिलेल्या पत्रात म्हटले की, मागणीने देवाला नवी माहिती मिळत नाही. मागणाऱ्याची इच्छा रुंदावते आणि देणगी घ्यायला ती तयार होते. तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने वेगळे उत्तर दिले. देवाची योजना बदलावी म्हणून प्रार्थना करायची नसते. देवाने जे प्रार्थनेच्या वाटेनेच द्यायचे ठरवले आहे ते मिळावे म्हणून ती करायची असते. पीक हवे म्हणून पेरणी करणारा शेतकरी देवाची योजना मोडत नाही, तसेच हे. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनने प्रार्थनेला विश्वासाचा मुख्य व्यायाम म्हटले. विश्वास ही मनाची एक अवस्था नसून रोज वापरात ठेवायची गोष्ट आहे, हा त्याचा भर प्रॉटेस्टंट भक्तीत खोल रुजला. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीने १७२७ साली स्त्री-पुरुषांत तास वाटून घेऊन अखंड प्रार्थना सुरू केली. ती शंभर वर्षांहून अधिक काळ चालली.

ब्रिस्टलचा प्रयोग

विश्वासाच्या प्रार्थनेवर एक अख्खी संस्था चालवून दाखवण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न ब्रिस्टलमधला. प्रशियात जन्मलेल्या जॉर्ज म्यूलरने (१८०५–१८९८) १८३६ साली तिथे भाड्याच्या घरात अनाथ मुलींसाठी आश्रम सुरू केला. पुढे १८४९ ते १८७० या काळात ॲशली डाउनच्या माळावर पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. त्याच्या हयातीत दहा हजारांहून अधिक मुले तिथे वाढली. कोणाकडेही पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचे नाही, गरज फक्त देवाला सांगायची, हा त्याचा नियम होता. देव आजही ऐकतो हे लोकांना डोळ्यांनी पाहता यावे, हा आश्रमाचा पहिला हेतू असल्याचे त्याने स्वतःच लिहिले. मुलांचा सांभाळ त्यानंतर.

म्यूलरने दरवर्षी हिशेब आणि देणग्यांच्या हकिकती छापल्या. त्या अहवालांमुळेच देणग्या येत होत्या, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि तो अगदीच गैरलागू नाही. मात्र हिशेब उघडे ठेवणे आणि एकही कर्ज न काढणे, ही शिस्त पुढच्या अनेक ‘विश्वासावर चालणाऱ्या’ संस्थांना जमली नाही.

केडगाव आणि १९०५

महाराष्ट्रात ही संकल्पना पुणे–दौंड लोहमार्गावरच्या केडगावात सर्वांत ठोस रूपात दिसते. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन ही शाळा सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती पुण्यात आणली. तिचा खर्च बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या दहा वर्षांच्या हमीवर चाले. म्यूलरचे वृत्तांत आणि चीनमधल्या हडसन टेलरच्या मिशनची हकिकत वाचल्यावर, जे त्या देशांत घडते ते हिंदुस्थानात का घडू नये, असा प्रश्न आपल्याला पडल्याचे त्यांनी आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या आत्मकथनात, नोंदवले आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर दुष्काळाने मागितले. १८९६–९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि विधवा त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले. तेच मुक्ती सदन. अमेरिकेतल्या हमीची मुदत १८९८ साली सरत होती आणि माणसे वाढत होती. १८९९–१९००च्या गुजरातेतील दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या काळात रमाबाई ठरलेल्या वर्गणीऐवजी प्रार्थनेवर विसंबल्या. इथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. प्रार्थना केली म्हणून विहिरी खोदायच्या थांबल्या नाहीत. विणकाम, तेलघाणा, शेती, गुरे, छापखाना, सगळे बायकांच्याच हातांनी चाले. ‘केवळ प्रार्थनेवर चाललेली संस्था’ हे भाविक वर्णन केडगावच्या कष्टांना न्याय देत नाही. प्रार्थना काढून टाकून सांगितलेली समाजसुधारकी कथा रमाबाईंना न्याय देत नाही. मराठीत दुसरी चूक जास्त वेळा झाली आहे.

वेल्समधील धार्मिक जागृतीच्या बातम्या १९०४–०५मध्ये हिंदुस्थानात पोचल्या. जानेवारी १९०५मध्ये रमाबाईंनी विशेष प्रार्थनेसाठी कोण येईल असे विचारले, तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेच्या आसपास गेला. २९ जूनच्या रात्री एका मुलीला आपण आगीने वेढलो गेल्याचा अनुभव आला. सोबतची बाई आग विझवायला पाणी आणायला धावली, अशी हकिकत मिनी एब्रम्स या सहकारी मिशनरी बाईंनी लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायावर बोलत असताना मुली एकाएकी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि प्रवचन थांबले. त्यानंतर महिनोन्‌महिने रडणे, पापांची कबुली, शेकडो जणींची एकाच वेळी उच्च स्वरातली प्रार्थना हे नित्याचे झाले. या गोंगाटावर टीका झाली. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. आपल्या लोकांनी रडावे-गावे ते आपल्या रीतीने, पाश्चात्त्यांच्या शांत उपासनेचे माप त्यांना लावू नये, असा त्यांचा आग्रह होता. मग मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत प्रचाराला जाऊ लागल्या.

लॉस एंजलिसच्या अझूसा स्ट्रीटवरची, पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या) चळवळीचा उगम मानली जाणारी जागृती एप्रिल १९०६ची आहे. केडगाव त्याआधीचे. एब्रम्सबाईंनी १९०६ साली या अनुभवांवर लिहिलेली पुस्तिका चिलीतील वाल्पाराइसो येथे मेथडिस्ट मिशनरी विलिस हूव्हर यांच्या घरी पोचली, आणि १९०९मध्ये तिथे सुरू झालेल्या पेंटेकॉस्टल चळवळीमागे तिचा हात होता. दौंड तालुक्यातल्या, बहुतेक निरक्षर म्हणून आलेल्या, दुष्काळातून वाचलेल्या बायकांच्या प्रार्थनेचा हा प्रवास मराठी इतिहासलेखनात जवळजवळ बेदखल राहिला आहे.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांत उत्तर न मिळालेल्या प्रार्थनाही आहेत. कामाची वारस मानलेली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा जुलै १९२१मध्ये चाळिसाव्या वर्षी वारली. रमाबाई त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्या मधल्या काळात त्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करत होत्या. ते संपूर्ण भाषांतर १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.

आजचा व्यवहार

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ही प्रार्थना उपास-प्रार्थना, घरोघरच्या प्रार्थनासभा आणि ३१ डिसेंबरची रात्रीची उपासना अशा रूपांत चालते. सभेच्या सुरुवातीला ‘प्रार्थनेचे विषय’ विचारले जातात: कोणाचे ऑपरेशन, कोणाची नोकरी, कोणाच्या मुलीचे लग्न. उत्तर मिळाले की पुढच्या सभेत ‘साक्ष’ दिली जाते. न मिळालेल्या उत्तराची साक्ष सहसा कोणी देत नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे इतकी असताना ही उणीव खटकते.

कॅथलिकांत संतांच्या, विशेषतः मरियेच्या, मध्यस्थीला मोठे स्थान आहे. मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेना ही मरियेची विशेष प्रार्थना होते. तिला ख्रिस्तीतर भाविकही मोठ्या संख्येने येतात. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात, पाय, घरे वाहिली जातात. नवस फेडण्याच्या आपल्या रीतीशी याचे नाते उघड आहे. चर्च मात्र देवाशी सौदा करण्याविरुद्ध बजावत असते.

मोजमापाचे प्रयत्न

प्रार्थनेचा परिणाम आकड्यांत मोजण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने १८७२ साली केला. राजघराण्यातील व्यक्तींसाठी सर्वत्र प्रार्थना होते, तरी त्या इतर सुखवस्तू लोकांपेक्षा जास्त जगत नाहीत, असे त्याने दाखवले. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास शस्त्रक्रियेचे १,८०२ रुग्ण होते. आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, अशा दोन गटांत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखे होते: प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के, न झालेल्यांत ५१. प्रार्थना होत असल्याचे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात ते ५९ टक्के निघाले. अनोळखी माणसांनी यादीवरून केलेली प्रार्थना हीच का विश्वासाची प्रार्थना, असा प्रतिप्रश्न धर्मशास्त्रज्ञांनी केला. प्रश्न रास्त आहे. पण मग यशाच्या साक्षींनाही पुरावा म्हणता येत नाही, हे ओघानेच आले.

आजार, तेल आणि औषध

याकोबाच्या पत्रातले तेल कॅथलिक चर्चमध्ये संस्कार बनले. मध्ययुगात तो मरणासन्नांपुरता उरला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) तो पुन्हा आजाऱ्यांसाठी खुला झाला. प्रार्थना आणि औषध यांत वैर नाही, ही मुख्य प्रवाहातील मंडळ्यांची भूमिका आहे. मिरजेत १८९४ साली सुरू झालेले मिशनरी डॉक्टर वानलेस यांचे रुग्णालय मिशननेच काढले होते. विसाव्या शतकात अमेरिकेत केनेथ हेगिन (१९१७–२००३) यांच्यासारख्या प्रचारकांनी मात्र मागणी विश्वासाने उच्चारली की ती मिळालीच असे समजावे, अशी शिकवण पसरवली. आरोग्य आणि समृद्धी हा विश्वासणाऱ्याचा हक्कच ठरला. या विचारात बरा न झालेला रुग्ण आपोआप कमी विश्वासाचा ठरतो, आणि आजारावर अपराधीपणाचे ओझे चढते. अनेक धर्मशास्त्रज्ञांनी ही शिकवण गेथशेमानेच्या प्रार्थनेशी विसंगत म्हणून नाकारली आहे. महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे, आणि तो करणाऱ्याचा धर्म कोणता याने त्यात फरक पडत नाही.