स्टेजवर पोट भरतं का? थोडी पार्श्वभूमी

घरात कोणी म्हणालं की मला गायचंय, नाचायचंय, अ‍ॅक्टिंग करायचीय आणि तेच फुलटाइम करायचंय, की पहिला प्रश्न ठरलेला, पोटापाण्याचं काय? मग सगळी चर्चा टॅलेंटवर घसरते, आहे का अंगात तेवढं, टिकेल का वगैरे. पण या धंद्याचा इतिहास वाचला तर टॅलेंट हा मुद्दा बराच मागे राहतो. गुणी माणसं प्रत्येक काळात होती. त्यांचं करिअर झालं की नाही ते पैसे कोण देतं, एकदाच देतं की पुन्हा पुन्हा, आणि ते कुठे लिहून ठेवलंय का यावर ठरलं.

याची सुरुवात वाटते त्यापेक्षा फार जुनी आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात ग्रीक जगात नट, वादक, गायक यांचे संघ होते, डायोनायसस या देवाच्या नावाने चालायचे, आणि त्यांच्या मेंबरांना करातून सूट, लष्करी सेवेतून सूट, दुसऱ्या राज्यातून जाताना संरक्षण असलं बरंच काही मिळायचं. म्हणजे आजच्या कित्येक फ्रीलान्सरांपेक्षा बरी अवस्था! रोममध्ये मात्र उलटं, तिथे नटाच्या नावाने पब्लिक वेडं व्हायचं पण कायद्याने नट म्हणजे बदनाम धंद्यातला माणूस, बाकी नागरिकांचे हक्क त्याला पुरते नाहीत. टाळ्याही मिळतील आणि नाकंही मुरडली जातील, हे तेव्हापासून सुरू आहे. इंग्लंडमध्ये 1572 च्या कायद्याने ज्या नटांच्या डोक्यावर कोणा मोठ्या सरदाराचा हात नाही ते सरळ भटक्या-उनाडांच्या यादीत गेले. फ्रान्समध्ये मोलिएर 1673 साली गेला, राजाचा लाडका नाटककार-नट, तरी नट म्हणून चर्च दफन करू देईना, शेवटी राजाने शब्द टाकला तेव्हा रात्रीच्या वेळी उरकलं.

या सगळ्यात मला सगळ्यात भारी वाटतो तो एक कागद. 25 फेब्रुवारी 1545, इटलीतलं पादुआ शहर. आठ नट नोटरीसमोर बसून करार करतात की पुढच्या वर्षीच्या लेंटपर्यंत (ईस्टरआधीचा ख्रिश्चनांचा उपासाचा काळ) आपण एकत्र गावोगाव खेळ करायचे, माफेओ हा आपला म्होरक्या, तो सांगेल ते ऐकायचं. कमाईची एक पेटी, तिला तीन किल्ल्या, तीन वेगवेगळ्या माणसांकडे, म्हणजे एकट्याने कोणी हात मारायचा नाही. कोणी आजारी पडला तर त्याचा खर्च सामाईक पैशातून, सामान वाहायला घोडा घ्यायचा तोही त्याच पैशातून, मधेच कोणी पळून गेला तर दंड, आणि आपापसात पत्ते खेळायचे तर पैसे लावायचे नाहीत, खायच्या वस्तू लावल्या तर चालेल. हा नियम घालावा लागला म्हणजे आधी काय काय झालं असेल याची कल्पना करा. नाटकाबद्दल, कलेबद्दल त्यात फारसं काही नाही. पण युरोपात नाटक हा व्यवसाय झाला याचा पहिला पुरावा म्हणून आज हाच कागद दाखवतात.

इंग्लंडमध्ये शेक्सपिअरचंही तेच, त्याची खरी कमाई नाटकं लिहून नाही झाली, तो कंपनीत भागीदार होता आणि 1599 च्या ग्लोब थिएटरमध्येही त्याचा वाटा होता.

संगीतवाले बराच काळ दरबारात अडकलेले होते. हायडन या संगीतकाराने 1761 मध्ये एस्टरहाझी या बड्या सरदार घराण्याशी करार केला, त्यात पांढरे मोजे, पावडर लावलेले केस, गणवेश हे सगळं लिहिलेलं, शिवाय रोज दोनदा बाहेरच्या दालनात उभं राहून आज वादन हवंय का ते विचारायचं आणि रचलेलं सगळं मालकाचं. पगार मात्र वेळेवर! मोत्झार्टने 1781 ला साल्झबर्गच्या आर्चबिशपची नोकरी सोडली आणि व्हिएन्नात शिकवण्या, वर्गणीवरच्या मैफली, ऑर्डरी यावर जगायला लागला. काही वर्षं जोरात, मग उधारी. आपल्याकडेही तसंच, विष्णुदास भावे सांगलीच्या राजाच्या आश्रयाने 1843 पासून नाटकं करत होते, 1851 ला राजे गेले, आश्रय संपला, मग मंडळी बाहेर पडली आणि 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आश्रय गेला म्हणून तिकीट आलं, हौसेने नाही.

तिकीट आलं तसा मधला माणूसही आला. 1850 मध्ये जेनी लिंड ही स्वीडिश गायिका बार्नम या अमेरिकन शो-आयोजकाबरोबर करार करून अमेरिकेत गेली, ठरलं होतं 150 मैफलींपर्यंत, दर मैफलीला 1000 डॉलर, आणि बाईंनी सगळी रक्कम आधी बँकेत ठेवायला लावली, त्यासाठी बार्नमला जवळजवळ सगळं गहाण टाकावं लागलं. तिने त्याच्याकडे 93 मैफली केल्या आणि पुढे स्वतःच दौरा चालवला. हे मात्र तिच्यासारख्या स्टारला जमलं. बाकीच्यांचं काय, तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधले नट आठवडेच्या आठवडे बिनपगारी रिहर्सल करायचे, कपडेपट बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून, आणि दौऱ्यावर नाटक पडलं तर परतीचं भाडंसुद्धा नाही. 1913 ला त्यांची युनियन झाली, 1919 मध्ये महिनाभर संप करून थिएटरं बंद पाडली तेव्हा मालक नमले.

तोपर्यंत आवाज रेकॉर्ड करणारं मशीन आलं होतं. 1902 च्या एप्रिलमध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने मिलानमध्ये कारुसो या इटालियन ऑपेरा गायकाची दहा गाणी 100 पौंडात रेकॉर्ड केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तोच गेसबर्ग कलकत्त्यात गौहर जानसमोर भोंगा घेऊन बसला होता. आवाज माणसापासून सुटा झाला. एकदा गा, हजार वेळा वाजव, पण पैसे कितीदा? 1927 नंतर बोलपट आले आणि मूकपटांना साथ करणारे हजारो वादक काही वर्षांत घरी बसले. अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने शेवटी 1 ऑगस्ट 1942 पासून रेकॉर्डिंगच बंद केलं, मागणी अशी की प्रत्येक रेकॉर्डमागे काही रक्कम बेकार वादकांच्या फंडात टाका. मोठ्या कंपन्या 1944 च्या नोव्हेंबरपर्यंत अडून बसल्या, पण शेवटी मान्य केलं. गंमत बघा, गायक या युनियनमध्ये नव्हते, त्यामुळे कंपन्यांनी वाद्यांऐवजी नुसत्या कोरसची साथ देऊन त्यांच्या रेकॉर्डी काढल्या, आणि बँडमास्तरांचा जमाना जाऊन गायकांचा आला त्यात या संपाचाही हात आहे असं बरेच जण मानतात. लढले वादक, फावलं गायकांचं.

कायदा तर अजून मागे होता. पॅरिसमध्ये 1847 साली एका संगीतकाराने कॅफेत माझी गाणी फुकट वाजवता मग मीही बिल देणार नाही म्हणून भांडण काढलं, कोर्टात जिंकला, आणि 1851 मध्ये लेखक-संगीतकारांची वसुली संस्था उभी राहिली. पण हे रचणाऱ्यांसाठी. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आंतरराष्ट्रीय पातळीवर हक्क मिळाले 1961 च्या रोम करारात, आणि पडद्यावरच्या कलाकारांना नीट कव्हर करणारा बीजिंग करार 2012 चा, तो लागू झाला 2020 मध्ये. हॉलिवूडच्या नटांनी मात्र 1960 मध्येच संप करून सिनेमा टीव्हीवर पुन्हा दाखवला की पैसे हे मिळवलं होतं, पण आधीच्या सिनेमांवरचा दावा सोडून, बदल्यात पेन्शन आणि आरोग्य फंडासाठी 22.5 लाख डॉलर.

बोमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी 1966 मध्ये एक नेमकी गोष्ट मांडली, कारखान्यात तेवढ्याच माणसांकडून दरवर्षी जास्त माल निघतो पण चौघांनी वाजवायची रचना आजही चौघांनाच आणि तेवढाच वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्ष कला कायम महाग पडत जाणार आणि फक्त तिकिटावर भागणार नाही. फ्रान्सने यावर वेगळाच जुगाड केलाय, तिथे कलाकाराने बारा महिन्यांत 507 तास काम दाखवलं की मधल्या रिकाम्या दिवसांत बेकारी भत्ता मिळतो. तिकडेही सरकार त्यात कात्री लावायला बघतं आणि कलाकार रस्त्यावर येतात, पण दोन कामांमधला काळ हा या धंद्याचा भागच आहे हे निदान कागदावर मान्य आहे.

आणि मग स्ट्रीमिंग. 2023 चा हॉलिवूडच्या नटांचा संप 118 दिवस चालला, स्ट्रीमिंगचे पैसे आणि एआय या दोन गोष्टींवर. डिजिटल नक्कल वापरायची तर परवानगी आणि मोबदला हे कॉन्ट्रॅक्टमध्ये आलं, गर्दीत उभं राहणाऱ्यांसाठीसुद्धा. बोनस मात्र अशाच शोला, जो पहिल्या 90 दिवसांत देशातल्या 20 टक्के सबस्क्रायबरांइतका बघितला गेला. संगीतात 2024 पासून स्पॉटिफायवर वर्षात 1000 पेक्षा कमी वेळा ऐकलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. घरी रेकॉर्ड करून स्वतःच अपलोड करणाऱ्यांना याचा सगळ्यात जास्त फटका, आणि त्यांच्या बाजूने टेबलावर बसून बोलणारं अजून तरी फारसं कोणी नाही.